टेक्सासमधल्या जर्मन खुणा: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑस्टिनमध्ये राहते म्हटल्यावर भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवणं ओघाने आलंच. विधानभवनाचा घुमट बघून होतो, ह्यूस्टनचं नासा होतं, सॅन अँटोनियोचा अलामो हा जुना किल्लाही होतो. मग कुणीतरी विचारतं, "आता काय?" तेव्हा मी गाडी पश्चिमेला, हिल कंट्रीकडे काढते. चुनखडीच्या टेकड्या आणि ओकच्या झाडीचा हा मुलूख. तिथे दुकानांच्या पाट्यांवर, थडग्यांवर, रस्त्यांवर जर्मन नावं दिसायला लागली, की मागच्या सीटवरून प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न इतके ठरून गेलेत, की उत्तरं एकदाची लिहून काढली.

काउबॉयच्या टेक्सासात जर्मन कुठून आले?

सुरुवात एका पत्राने झाली. फ्रीडरिश एर्न्स्ट हा ओल्डेनबुर्गच्या पोस्टातला कारकून. अफरातफरीचा आळ आल्यावर नाव बदलून, बायको-मुलांना घेऊन तो अमेरिकेला पळाला आणि १८३१ मध्ये टेक्सासात पोचला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. इथे त्याला ४,००० एकरांहून जास्त जमीन मिळाली. इथली हवा, जमीन, शिकार यांचं त्याने गावाकडच्या मित्राला असं काही वर्णन लिहून पाठवलं, की ते पत्र तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं आणि हातोहात फिरलं. तो राहिला ते इंडस्ट्री गाव आजही आहे. टेक्सासात आलेल्या जर्मनांचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. पळून आलेल्या कारकुनाला एवढा मान मिळाला, हे आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना मुळीच रुचलं नव्हतं.

मोठी लाट आणली ती सरदारांनी. १८४२ मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या बीब्रिखला काही जर्मन सरदार-संस्थानिक जमले आणि टेक्सासात वसाहत करण्यासाठी त्यांनी एक संस्था काढली. लोक तिला ‘आडेल्सफेराइन’ म्हणत, म्हणजे सरदारांची मंडळी. कुटुंबाने ६०० गुल्डन भरायचे आणि बदल्यात जहाजाचा प्रवास, घर आणि ३२० एकर जमीन घ्यायची. ऐकायला सौदा फक्कड होता. गोम एवढीच, की संस्थेने ज्या ३८ लाख एकरांचे हक्क घेतले होते, ती जमीन तिच्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती आणि तिथे कोमांची हे मूळचे आदिवासी लोक राहत होते. १८४४ ते १८४७ या काळात संस्थेने ७,००० हून जास्त माणसं आणली आणि स्वतः कर्जात बुडाली. कबूल केलेल्या त्या जमिनीवर प्रत्यक्षात फार थोडे वसले. आज आपण हौसेने बघतो ती न्यू ब्राउनफेल्स आणि फ्रेडरिक्सबर्ग ही गावं खरं तर वाटेतले मुक्काम होते. लोक तिथेच थांबले.

गावांची नावं नेमकी कशी म्हणायची?

जर्मन येत असेल तर विसरा. लुडविग ब्योर्ने या जर्मन लेखकाच्या नावावरून ठेवलेलं गाव इथे ‘बर्नी’ झालंय. ‘ग्रुने’ असं वाचाल त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. न्यू ब्राउनफेल्समध्ये पुष्कळ लोक मधेच एक ‘स’ घुसवून ‘ब्राउन्सफेल्स’ म्हणतात. जर्मन शिकलेला माझा भाचा पेट्रोल पंपावर शुद्ध उच्चारात रस्ता विचारायला गेला आणि हात हलवत परत आला.

फ्रेडरिक्सबर्गमधलं ते आठ कोनी घर जुनं आहे का?

नाही. पण त्याची गोष्ट जुन्या घरापेक्षा बरी आहे.

गाव वसलं ८ मे १८४६ ला आणि पुढच्याच वर्षी लोकांनी सगळ्यांची मिळून पहिली इमारत उभी केली, ती ही ‘फेराइन्स किर्शे’. लाकडी सांगाडा, मधे दगडमातीची भरण, वर निमुळतं छप्पर. आकारावरून लोक तिला ‘काफेम्यूले’ म्हणत, म्हणजे कॉफी दळायची चक्की. सगळ्या पंथांनी तिथे आळीपाळीने प्रार्थना करायची, पोरांनी तिथेच शिकायचं, सभा तिथेच भरायची आणि हल्ला झाला तर आसराही तिथेच घ्यायचा. ती उभी होती भर हमरस्त्याच्या मधोमध.

हळूहळू प्रत्येक पंथाने आपापलं चर्च बांधलं आणि कॉफीची चक्की ओस पडली. १८९६ मध्ये गावाची पन्नाशी होती. त्या सोहळ्यासाठी तिच्या भिंती काढून तिचा मंडप केला आणि १८९७ मध्ये सगळीच पाडून टाकली. मग चुटपुट लागली. १९३० च्या दशकात गावकऱ्यांनी रस्त्याच्या बाजूला, बाजारचौकात, तिची प्रतिकृती उभारली. आज फोटो निघतात ते तिचे.

म्हणजे आजोबांनी बांधलं, मुलांनी पाडलं आणि नातवंडांनी पुन्हा उभं केलं. मला तरी हे स्मारक नातवंडांचंच वाटतं. आत छोटं प्रदर्शन आहे, अर्ध्या तासात होतं.

तिथल्या इवल्याशा घरांना ‘संडे हाउस’ का म्हणतात?

कारण ती रविवारपुरती होती. शेतकऱ्यांची खरी घरं दहा-पंधरा मैल लांब रानात. शनिवारी घोडागाडी जुंपून गावात यायचं, बाजारहाट करायची, रात्र या घरात काढायची, रविवारी चर्च करून परतायचं. खाली एखादी खोली आणि मागे स्वयंपाकाची पडवी. माळ्यावर पोरं झोपायची आणि माळ्याचा जिना बऱ्याचदा घराच्या बाहेरून. मोटारी आल्या, रस्ते झाले आणि मुक्कामाची गरज संपली. म्हातारपणी शेती मुलांवर सोपवून काही जोडपी या घरात कायमची राहायला आली. गावातल्या पायोनियर म्युझियममध्ये १९०४ चं वेबर कुटुंबाचं घर जपलंय. त्याच आवारात काम्लाह कुटुंबाचं दगडी घर-दुकान आहे. ते चुकवू नका, चुलीपाशी उभं राहिलं की धुराने काळवंडलेला दगड दिसतो. बाकी बरीच संडे हाउसेस आता रात्रीच्या भाड्याने मिळतात. भाडं ऐकून तो शेतकरी गाडी परत रानाकडे वळवेल.

जमीन कोमांची लोकांची होती म्हणालात, त्यांचं काय झालं?

हा प्रश्न सगळे विचारत नाहीत, विचारायला हवा. संस्थेचा टेक्सासातला पहिला कारभारी राजकुमार कार्ल फोन सोल्म्स-ब्राउनफेल्स जर्मनीला परत गेल्यावर संस्थेचा कारभार ओटफ्रीड फोन मॉइझेबाखकडे आला. टेक्सासात आल्यावर त्याने सरदारकीचा ‘फोन’ टाकून दिला आणि नुसता जॉन झाला. तांबडी दाढी होती म्हणून कोमांची त्याला ‘एल सोल कोलोरादो’, लाल सूर्य, म्हणत. १८४७ च्या सुरुवातीला तो थोडी माणसं घेऊन सान सबा नदीच्या मुलखात गेला आणि कोमांची सरदारांना भेटला. ९ मे १८४७ ला फ्रेडरिक्सबर्गमध्ये करारावर सह्या झाल्या. जर्मनांनी ३,००० डॉलर किमतीच्या वस्तू द्यायच्या, जर्मनांनी तिथे वस्ती करावी, कोमांचींनी जर्मन गावांत मोकळेपणी यावं, एकमेकांना त्रास देऊ नये. कराराचा कागद आता ऑस्टिनला राज्य ग्रंथालयात आहे. बाजारचौकात या भेटीचं शिल्प आहे.

गावातला कुणीही तुम्हाला अभिमानाने सांगेल, की हा करार कधीच मोडला गेला नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे आणि अमेरिकेच्या इतिहासात ते दुर्मीळही आहे. पण १८७५ पर्यंत उरलेसुरले कोमांची आजच्या ओक्लाहोमातल्या राखीव जागेत कोंडले गेले होते. एका गावाने शब्द पाळला आणि मुलूख गेलाच. शिल्पाखालच्या मजकुरात हा पुढचा भाग शोधू नका.

समुद्रापासून २०० मैलांवर नौदलाचं संग्रहालय कसं?

एका खाणावळवाल्यामुळे. कार्ल निमित्झ हा ब्रेमेनकडचा, तरुणपणी समुद्रावर गेलेला. १८५० च्या दशकात त्याने फ्रेडरिक्सबर्गमध्ये हॉटेल काढलं आणि पुढे त्याच्या दर्शनी भागाला बोटीच्या नाळेचा आकार दिला. गवताळ माळावर ही आगबोट! त्याचा नातू चेस्टर निमित्झ १८८५ मध्ये याच गावात जन्मला. बाप त्याच्या जन्माआधीच गेलेला, म्हणून आजोबांच्या गोष्टी ऐकत तो वाढला आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचा सेनापती झाला. आज त्या हॉटेलाभोवती पॅसिफिक युद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. दिवसभर पुरेल एवढं मोठं. मागे जपानने १९७६ मध्ये भेट दिलेली शांततेची बाग आहे. ज्यांना हरवलं त्यांनी दिलेली. बाकी काही नाही पाहिलं तरी तिथे दहा मिनिटं बसा.

भारतीय पाहुण्यांसाठी एक खास धागा: काश्मीरमध्ये सार्वमत घ्यायचं ठरलं, तेव्हा १९४९ मध्ये त्यावर देखरेख करायला संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला माणूस म्हणजे हाच निमित्झ. सार्वमत काही झालं नाही. हे सांगितलं, की संग्रहालयाला कंटाळलेले काकाही परत आत जातात.

एकच जागा बघायला वेळ असेल तर कोणती?

कम्फर्ट.

पाहुणे हिरमुसतात, कारण त्यांना फ्रेडरिक्सबर्गचे फोटो कुणीतरी दाखवलेले असतात. कम्फर्ट त्याच्या दक्षिणेला वीसेक मैलांवर, लहानसं, शांत. एर्न्स्ट आल्टगेल्टने १८५४ मध्ये वसवलं. इथे आलेल्यांत शिकलेले, मुक्त विचारांचे, धर्मसंस्थेला न मानणारे पुष्कळ होते. काही जण १८४८ चे जर्मनीतले उठाव फसल्यावर आलेले. गावात पहिलं चर्च व्हायला १८९२ साल उजाडलं. टेक्सासात हे जवळजवळ अशक्य वाटावं असं आहे.

इथे हाय स्ट्रीटच्या कडेला चुनखडीचा एक स्तंभ आहे. फार उंच नाही. झाडांच्या सावलीत गाडी लावून उतरलं, की समोरच. त्यावर कोरलंय: ‘ट्रॉये डेर उनिओन’. संघराज्याशी निष्ठा.

१८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली, त्यात टेक्सासही होतं. फुटायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा फ्रेडरिक्सबर्गच्या गिलेस्पी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, फुटण्याच्या बाजूने १६ मतं पडली आणि विरोधात ३९८. यादवी युद्ध पेटलं आणि पुढच्या वर्षी दक्षिणेच्या सरकारची सक्तीची सैन्यभरती आली. ज्या सरकारला मानत नाही त्याच्यासाठी लढायचं नाही, असं ठरवून साठेक जण फ्रिट्झ टेगेनरच्या पुढारीपणाखाली मेक्सिकोकडे निघाले. जवळजवळ सगळे जर्मन. घाई नव्हती, पाठलाग होत असेल असं त्यांना वाटलं नाही. न्यूएसेस नदीच्या काठी मुक्काम पडला असताना १० ऑगस्ट १८६२ च्या पहाटे, उजाडायच्या आत, दक्षिणेच्या घोडदळाने त्यांना गाठलं. १९ जण तिथे लढताना पडले. जखमी होऊन मागे राहिलेल्या नऊ जणांना पकडल्यावर ठार मारलं. निसटलेल्यांपैकी आठ जण १८ ऑक्टोबरला रिओ ग्रांदे ओलांडताना मारले गेले. पलीकडे मेक्सिको होतं.

मेलेल्यांना कुणी पुरलं नाही. युद्ध संपेपर्यंत तीन वर्षं हाडं तिथेच उघड्यावर पडून होती. १८६५ मध्ये नातेवाईक आणि मित्र गेले, त्यांनी हाडं गोळा केली, कम्फर्टला आणली आणि एकाच कबरीत ठेवली. कुणाचं कुठलं ते ओळखायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी १० ऑगस्टला वर हा स्तंभ उभा राहिला.

स्तंभाच्या बाजूंवर ३६ नावं आहेत आणि ती सरसकट लिहिलेली नाहीत. न्यूएसेसला पडलेले वेगळे, रिओ ग्रांदेला पडलेले वेगळे. आणि एका बाजूवर कैद केल्यावर ज्यांचा खून झाला ते. ‘खून’ हाच शब्द, जर्मनमध्ये. सभोवार सगळा हरलेल्या दक्षिणेचा मुलूख, शेजारच्या गावांतून त्या बाजूने लढून परतलेले लोक, आणि त्यांच्यात युद्ध संपून वर्ष झालं असताना हा शब्द दगडात कोरणं! जर्मन भाषा येणारे ते वाचू शकत होते, बाकीच्यांना फक्त दगड दिसत होता. भाषा मुद्दाम निवडली की ती त्यांची बोलण्याचीच होती म्हणून आली, याचा मी प्रत्येक फेरीत विचार करते.

स्तंभासाठी जागा विकत घेणाऱ्यांत एडुआर्ड डेगेनर होते. ह्युगो आणि हिल्मार ही त्यांच्या दोन मुलांची नावं त्या दगडावर आहेत. डेगेनर १८७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. माझे सासरे इतिहासाचे मास्तर होते. ते चारही बाजूंनी फिरले, मग पुन्हा फिरले आणि सारखी आडनावं मोजत राहिले. गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. एरवी ते जीपीएसलाही बोलू देत नाहीत.

तिथे एक झेंडा आहे, तो कायम अर्ध्यावर असतो आणि त्यावर ५० नाही, ३६ तारे आहेत. स्तंभ उभा राहिला तेव्हा संघराज्यात राज्यं तेवढीच होती. नावंही ३६, हा योगायोग. तिकीट नाही, दुकान नाही, फ्रिजवर लावायचे चुंबक नाहीत.

म्हणजे इथले सगळे जर्मन गुलामगिरीविरुद्ध होते?

असं सांगायला आवडतं खरं, पण नाही. १८५४ मध्ये सॅन अँटोनियोच्या गायन महोत्सवाला जमलेल्या काही जर्मनांनी गुलामगिरी वाईट आहे असा ठराव केला आणि त्यावरून इतर जर्मनच त्यांच्यावर उखडले. मतदानात गिलेस्पीने जोरदार नकार दिला, पण न्यू ब्राउनफेल्सच्या कोमाल काउंटीने फुटण्याच्या बाजूने २३९ आणि विरोधात ८६ मतं दिली. आणि आडेल्सफेराइनने १८४३ मध्ये फायेट काउंटीत ‘नासाऊ’ नावाचा मळा घेतला होता, तो गुलामांच्याच कष्टांवर चालायचा. त्या मळ्यावरच्या माणसांचा स्तंभ कुठे दिसला नाही.

न्यू ब्राउनफेल्सला काय आहे?

मुलांना विचाराल तर ‘श्लिटरबान’. हे जर्मन नावाचं मोठं वॉटर पार्क, बाकी काही नाही. मोठ्यांना विचाराल तर नदीत ट्यूबवर पडून वाहत जाणं.

पण टेकडीवरचं सोफीनबुर्ग संग्रहालय बघा. राजकुमार कार्लने २१ मार्च १८४५ ला गाव वसवलं आणि या टेकडीला आपल्या वाग्दत्त वधूचं नाव दिलं. राजकन्या सोफीने टेक्सासला यायला साफ नकार दिला. दोन महिन्यांच्या आत राजकुमार हिशेबाचा गोंधळ मागे ठेवून परत गेला आणि तिच्याशी लग्न केलं. गड तिच्या नावाचा राहिला, पाऊल काही पडलं नाही.

गावात फेर्डिनांड लिंडहाइमरचं घर आहे. हा वनस्पतिशास्त्रज्ञ, टेक्सासातल्या कितीतरी झाडाझुडपांच्या शास्त्रीय नावात तो आहे. १८५२ पासून ‘नॉय-ब्राउनफेल्सर त्साइटुंग’ या वर्तमानपत्राचा संपादकही तोच. ते पत्र १९५७ पर्यंत जर्मनमध्ये निघत होतं. लांडा पार्कमध्ये जर्मन वसाहतकऱ्यांचं १९३८ चं स्मारक आहे, नेमकं त्या वर्षी जर्मनीत काय चाललं होतं ते आठवत बघा. ग्रीनमध्ये १८७८ चं ग्रीन हॉल हे नाचघर अजून चालू आहे. पत्र्याचं छप्पर, उघड्या खिडक्या, एसी नाही. नोव्हेंबरात वुर्स्टफेस्ट नावाचा सॉसेजचा उत्सव असतो, १९६१ पासून. ढोल, बिअर, गर्दी. एकदा गेले, पुरे झालं.

सॅन अँटोनियोतही जर्मन काही आहे का? आम्ही अलामोच बघणार आहोत.

अलामोच्या शेजारचं १८५९ चं मेंगर हॉटेल जर्मनाचंच. तिथून दक्षिणेला नदीकाठी चालत गेलात, की किंग विल्यम वस्ती लागते. गिरण्या, लाकूड, व्यापार यांत पैसा केलेल्या जर्मनांच्या हवेल्या. बाकीचे लोक तिला ‘सॉवरक्राउटचं वळण’ म्हणून चिडवायचे, सॉवरक्राउट म्हणजे जर्मनांचा आंबवलेला कोबी. रस्त्याला प्रशियाच्या राजा विल्हेल्मचं नाव दिलं ते आल्टगेल्टने. तोच, कम्फर्ट वसवणारा. आणि इथली सगळ्यात प्रसिद्ध हवेली, १८७६ ची, एडुआर्ड स्टीव्ह्जची. कम्फर्टच्या स्तंभासाठी जागा घेणाऱ्यांत डेगेनरबरोबर हाही होता. कम्फर्ट आधी बघून आलात, तर ही हवेली निराळी दिसते. कोपऱ्यावर गुएंथर यांच्या पिठाच्या गिरणीचं घर आहे, तिथे नाश्ता मिळतो. रांग असते.

आज तिथे कुणी जर्मन बोलतं का?

फार थोडे आणि जवळजवळ सगळे म्हातारे. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं महागात पडायला लागलं. किंग विल्यम रस्त्याचं नाव बदलून अमेरिकी जनरल पर्शिंगचं दिलं होतं, ते नंतर परत आलं. टेक्सासातल्याच ब्रँडेनबर्ग गावाने १९१८ मध्ये आपलं नाव ‘ओल्ड ग्लोरी’ करून घेतलं, म्हणजे अमेरिकेचा झेंडा. शाळांत शिकवायची भाषा इंग्रजीच, असा कायदा आला. १९१९ मध्ये गव्हर्नर हॉबी यांनी टेक्सास विद्यापीठाच्या जर्मन विभागाचा पैसाच कापला. घरात जर्मन आणखी काही दशकं टिकली, पण पोरांना ती शिकवायला आईबाप कचरायला लागले.

त्याच विद्यापीठात २००१ पासून हान्स बोआस हे भाषातज्ज्ञ या टेक्सास जर्मनचं ध्वनिमुद्रण करून ठेवताहेत. या बोलीत विमानाला ‘लुफ्टशिफ’ म्हणतात, हवेतलं जहाज, कारण हे लोक निघाले तेव्हा विमानच नव्हतं. इथे येऊन पहिल्यांदा पाहिलेल्या स्कंक या प्राण्याला नाव पडलं ‘श्टिंककात्झे’, घाणेरड्या वासाची मांजर. बर्लिनहून आलेला पाहुणा ऐकून हसतो म्हणे. मला हसू येत नाही. मी अजून ‘टेप लाव’ म्हणते आणि पुण्याहून आलेली भाची माझ्याकडे बघत राहते.

आम्ही शाकाहारी आहोत, खायचं काय?

‘कार्टोफेलपुफर’ मागा. किसलेल्या बटाट्याचं धिरडंच ते, बरोबर सफरचंदाची चटणी. अंड्याचं चालत असेल तर ‘श्पेट्झले’ हे शेवयांचे तुकडे. मोठे मऊ प्रेट्झेल. लाल कोबीची भाजी दिसायला निरागस असते, पण बऱ्याचदा डुकराच्या चरबीत शिजवलेली असते, विचारून घ्या. बटाट्याच्या गरम सॅलडचंही तेच. मे ते ऑगस्टमध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या रस्त्यावर पीचचे ठेले लागतात. खरं सांगायचं तर तेच सगळ्यात चांगलं खाणं. दशम्या-चटणी गाडीत ठेवलेली बरी.

कधी आणि कसं जावं?

गाडीनेच. ऑस्टिनहून २९० नंबरच्या रस्त्याने फ्रेडरिक्सबर्ग ८० मैल, सॅन अँटोनियोहून कम्फर्ट साधारण ५० आणि न्यू ब्राउनफेल्स ३०. मार्चअखेर ते एप्रिल रस्त्याकडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं असतात, पण गर्दीही तेव्हाच. जुलै-ऑगस्टात दुपारी उघड्यावरचं काही बघायला निघू नका, ऊन विदर्भातल्या मेसारखं लागतं. रविवारी लहान गावांतली संग्रहालयं बंद असण्याची शक्यता धरा.

फ्रेडरिक्सबर्गच्या हमरस्त्यावर एक गंमत मुलांना शोधायला लावा. पूर्वेकडे जाताना आडव्या रस्त्यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडली, की ‘ऑल वेलकम’ होतं आणि पश्चिमेकडे जाताना ‘कम बॅक’.

हे जर्मन लोक जहाजातून जिथे उतरले, तिथे काही आहे?

इंडियानोला, मेक्सिकोच्या आखाताकडच्या माटागोर्डा उपसागरावर. डिसेंबर १८४४ मध्ये पहिली माणसं तिथल्या उघड्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा राजकुमाराने त्या जागेला स्वतःचं नाव देऊन कार्ल्सहाफेन केलं होतं. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि माल वाहणाऱ्या बैलगाड्या लष्कराने भाड्याने उचलल्या. हजारो माणसं गाड्यांशिवाय वाळूत तंबू आणि खड्डे करून अडकली. पाऊस, हगवण, ताप. शेकडो तिथेच मेली, शेकडो पायी निघून वाटेत मेली. न्यू ब्राउनफेल्सच्या पाद्री एर्वेनबेर्ग यांच्या घरी १९ अनाथ मुलं सांभाळली गेली, ती या वाटेवरच आईबाप गेलेल्यांची.

पुढे तिथे मोठं बंदर झालं. १८७५ च्या वादळाने ते मोडलं, पुन्हा बांधलं, १८८६ च्या वादळाने उरलेलंही नेलं आणि लोकांनी गाव सोडून दिलं. कचेरीच्या इमारतीची जागा आता पाण्याखाली आहे. किनाऱ्यावर काही दगड, एक-दोन पाट्या, मासे धरणारी दोन-चार माणसं. ऑस्टिनहून तीन तास लागतात. पाहुण्यांना मी तिथे नेत नाही, आम्ही दोघंच एकदा गेलो होतो. वारा इतका होता, की पाटीवरचा मजकूर वाचेपर्यंत चष्म्यावर मीठ जमलं.